सहा डॉलर साठ सेंट

१८४५ च्या डिसेंबरात मेरी पॉल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने लॉवेलहून वडिलांना पत्र लिहिलं. मॅसॅच्युसेट्समधलं लॉवेल हे तेव्हा अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं गिरणगाव, आणि मेरीला तिथे येऊन जेमतेम महिना झाला होता. माझी तब्येत उत्तम आहे, ती लिहिते, दुसऱ्यांवर काळाने घाला घातला तरी मी सुखरूप आहे. मग त्या दुसऱ्यांची हकिगत येते. गुरुवारी एक मुलगी गिरणीच्या दारात बर्फावरून घसरली आणि मान मोडून जागीच गेली. त्याच दिवशी एक माणूस आगगाडीखाली सापडला. एकाच्या जवळजवळ सगळ्या फासळ्या मोडल्या. आणखी एक जण पडला, त्याच्या अंगावर कापसाची गाठ आली, आणि तो थोडक्यात वाचला.

आणि लगेच पुढच्या ओळीत पगार. मंगळवारी पैसे मिळाले, एकूण सहा डॉलर साठ सेंट. त्यातले चार डॉलर अडुसष्ट सेंट जेवणाराहण्याचे गेले. उरलेल्यात बर्फाचिखलात घालायचे रबरी जोडे घेतले आणि पन्नास सेंटांचे साधे बूट घेतले. पुढच्या पगारापासून खाणंपिणं वजा जाता आठवड्याला एक डॉलर हातात पडेल. पहाटे पाचला पहिली घंटा होते, साडेसहाला मुलींना उठवणारी, सातला गिरणीत. साडेबाराला जेवण, एकला पुन्हा आत, सुटका संध्याकाळी साडेसातला. भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या लावण्याचं काम मी खोलीतल्या कुठल्याही मुलीइतक्या झपाट्याने करते, असं ती अभिमानाने सांगते. शेवटी तिचं मत असं की माझ्यासाठी गिरणीइतकी चांगली जागा दुसरी नाही, आणि कोणा मुलीला काम हवं असेल तर तिने लॉवेललाच यावं.

हे पत्र मी अनेकदा वाचलं आहे. एकाच कागदावर मोडलेली मान, रबरी जोडे आणि ही शिफारस. अमेरिकेतल्या भांडवलशाहीच्या सुरुवातीबद्दल लिहिणारे साधारण दोन जातीचे असतात. एकांना त्यात नव्या राष्ट्राची धडाडी दिसते, दुसऱ्यांना पिळवणूक. मेरीला दोन्ही दिसत होतं आणि तिने ते एका दमात लिहून टाकलं. तिच्या पत्रांमागून गेलं तर त्या काळाचा हिशेब अधिक नीट लागतो असं मला वाटतं.

तिथे ओढला जाण्याचं माझं कारण घरगुती आहे. माझ्या आजोबांची हयात लालबागच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, गेली. त्यांच्याही पगारातून खाणावळीचे पैसे आधी जायचे. पण उरलेले मनिऑर्डरने गावी जायचे. स्वतःसाठी जोडे घेतल्याचा उल्लेख त्यांच्या गोष्टींत मी कधी ऐकला नाही. मेरीच्या पत्राने मला पहिल्यांदा थांबवलं ते तिथे. अपघातांपेक्षाही त्या जोड्यांपाशी.

एक मुलगी व्हरमाँटमधलं गाव सोडून गिरणीत येते, याआधी पुष्कळ काही घडून गेलेलं असतं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरात सूत काढणं हे मुलींचं काम होतं. बापाची जमीन खडकाळ, मुलगे चार, जमिनीचे वाटे पडतील तेवढे पडणार. पण मुलींच्या चरख्यावर घराचं कापड निघायचं आणि जास्तीचं सूत दुकानदाराकडे जमा करून मीठ, चहा, गूळ यायचा. हे गणित पहिल्यांदा बिघडवलं सॅम्युएल स्लेटरने. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला गिरणीत उमेदवारी केलेला हा एकवीस वर्षांचा पोरगा १७८९ साली गुपचूप जहाजात बसला. यंत्रं, यंत्रांचे नकाशे आणि ती चालवणारे कारागीर देशाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत असा इंग्लंडचा कायदा होता, म्हणून स्लेटर सगळं डोक्यात घेऊन निघाला. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला, मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याच्या पैशावर, १७९० च्या डिसेंबरात पाण्यावर चालणाऱ्या त्याच्या चात्या फिरू लागल्या. त्यावर काम करणारी पहिली नऊ जणं म्हणजे सात ते बारा वर्षांची पोरं होती.

पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, कारखानदारीवरचा अहवाल ठेवला. कारखाने निघाले की बायका आणि मुलं, तीही कोवळ्या वयातली, अधिक उपयोगी पडतील, असं त्यात सरळ लिहिलं आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनना हे सगळं नको होतं. जमीन कसणारा माणूसच स्वतंत्र राहू शकतो, मजुरीवर जगणारा कोणाचा तरी मिंधा होतो, तेव्हा कारखाने युरोपातच राहू देत, असं त्यांचं जुनं मत. गंमत अशी की ज्यांच्या घामावर जेफरसन यांची स्वतःची शेती उभी होती ती माणसं गुलाम होती, त्यामुळे स्वातंत्र्य कोणाचं हा प्रश्न त्यांच्या अंगणातच लोळत होता. १८१२ च्या युद्धात इंग्लंडचा माल बंद झाला तेव्हा त्यांनीही मत बदललं. कारखाने नकोत म्हणणाऱ्याने एक तर परक्यांच्या ताटाखालचं मांजर व्हावं नाहीतर कातडी पांघरावी, अशा अर्थाचं ते १८१६ मध्ये लिहून गेले.

आणि त्याच १८१६ मध्ये आपला, म्हणजे हिंदुस्थानचा, या गोष्टीत प्रवेश होतो. बाहेर ढकललं जाण्यासाठी होतो, पण होतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टन आणि सेलम या बंदरांची जहाजं तोवर वीसेक वर्षं कलकत्त्याला आणि थोडी मुंबईलाही येत होती. सेलमच्या वस्तुसंग्रहालयात नसरवानजी माणेकजी वाडिया या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची तसबीर आजही आहे. अमेरिकन कप्तानांचं मुंबईतलं काम ते पाहायचे. ही जहाजं परत नेत ते जाडंभरडं सुती कापड. स्वस्त, टिकाऊ, आणि अमेरिकेतल्या गरिबांना परवडणारं. या व्यापारात मुरलेल्या घरांपैकी एक लॉवेल. फ्रान्सिस कॅबट लॉवेल यांनी भागीदारीत बॉस्टनच्या बंदरात माल उतरवायचा मोठा धक्का बांधला होता, त्याचं नावच इंडिया वार्फ.

हे लॉवेल १८१० ते १८१२ अशी दोन वर्षं तब्येतीसाठी इंग्लंड-स्कॉटलंडला राहिले. सभ्य गृहस्थ, मोठा व्यापारी, म्हणून गिरणीवाल्यांनी त्यांना गिरण्या दाखवल्या. पाण्यावर चालणारा माग कसा असतो हे त्यांनी पाहून ठेवलं. कागदावर काही घेतलं नाही. परत आल्यावर पॉल मूडी या हुशार मिस्त्रीच्या मदतीने तो माग उभा केला, १८१३ मध्ये कंपनी काढली, आणि पुढच्या वर्षी वॉल्टमला, चार्ल्स नदीच्या काठी, एकाच छपराखाली एका टोकाने कापसाची गाठ आत आणि दुसऱ्या टोकाने विणलेलं कापड बाहेर अशी गिरणी सुरू झाली. स्लेटर फक्त सूत काढायचा आणि विणायला घरोघर द्यायचा. इथे घराचा संबंधच संपला.

पण कापड निघालं जाडंभरडं, म्हणजे नेमकं हिंदुस्थानातून येणाऱ्या कापडासारखं, आणि युद्ध संपताच बंदरं पुन्हा उघडली. लॉवेल वॉशिंग्टनला जाऊन बसले. १८१६ च्या जकात कायद्यात सुती कापडावर पंचवीस टक्के जकात लागली आणि त्याला एक छोटं कलम जोडलं गेलं: कापडाची खरी किंमत काहीही असो, वाराला पंचवीस सेंटांहून कमी असेल तर ती पंचवीस सेंटच धरायची. हिशेब करून पाहा. वाराला सहा सेंटांना पडणाऱ्या कापडावर सव्वासहा सेंट जकात. उंची इंग्लिश कापडाला या कलमाचा फारसा त्रास नव्हता, तेव्हा दक्षिणेकडचे काही पुढारीही राजी झाले. मेले ते आपल्याकडच्या विणकरांचे अमेरिकेतले गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं ज्या धक्क्यावर हिंदुस्थानी माल उतरवला त्याच धक्क्याच्या मालकाने दार लावून घेतलं. खुल्या बाजारावर अमेरिकेतून प्रवचनं ऐकू आली की मला हे कलम आठवतं. लॉवेलना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केलं असतं. फक्त बाजार आपोआप उगवतो असं कोणी म्हणू नये. इंग्लंडहून डोक्यात लपवून आणलेला माग, काँग्रेसमध्ये जुळवून आणलेलं कलम आणि सरकारने दिलेली कंपनीची सनद, एवढं खत घातल्यावर तो उगवला.

लॉवेल १८१७ मध्ये वारले, वय बेचाळीस. त्यांच्या नावाचं गाव त्यांनी पाहिलंच नाही. भागीदारांनी मेरिमॅक नदीवरचा पॉटकेट धबधबा हेरला. तीस फुटांहून अधिक पाण्याची पडण आणि बाजूला एक जुना कालवा. १८२२ मध्ये मेरिमॅक कंपनी निघाली, चार्ल्सटाउनहून चालत आलेल्या आयरिश मजुरांनी कालवे रुंदावले आणि नवे खणले, १८२३ मध्ये कापड निघू लागलं. १८२६ मध्ये गावाला लॉवेल हे नाव मिळालं. १८४० मध्ये वस्ती वीस हजारांच्या वर गेली होती. ते आयरिश लोक मात्र गावाच्या कडेला स्वतः बांधलेल्या झोपड्यांत राहत. ठरवून वसवलेल्या त्या आखीव गावाच्या नकाशात त्यांना जागा नव्हती.

मजूर कुठून आणायचे हा खरा पेच होता. पश्चिमेला जमीन स्वस्त, त्यामुळे पुरुष गिरणीत टिकायचे नाहीत. आणि मालकांना इंग्लंडमधल्या मँचेस्टर या गिरणगावाची धास्ती होती. तिथला चिखल, दारू, पिढ्यान्‌पिढ्या गिरणीतच जन्मून मरणारा कामगार त्यांनी पाहिला होता, आणि प्रजासत्ताकात तसला वर्ग उभा राहणं त्यांना खरोखरच परवडणारं नव्हतं. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलींकडे पाहिलं. गिरणीच्या सुताने या मुलींचे चरखे बंद पाडले होतेच, आता त्याच मुलींना गिरणीत बोलवायचं. दोनतीन वर्षं कमावतील, लग्न करून जातील, दुसऱ्या येतील. आईबापांना भरवसा वाटावा म्हणून कंपनीने विटांची वसतिगृहं बांधली, बहुतेक ठिकाणी विधवा बायका चालवायला ठेवल्या, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जाणं सक्तीचं. वागणूक वाईट ठरली तर नाव काळ्या यादीत, आणि ती यादी सगळ्या कंपन्यांत फिरे.

मजुरीचा आकडा आठवड्याला तीन डॉलरच्या आसपास, कमीअधिक, त्यातून सव्वा डॉलर जेवणाराहण्याचा. पुरुषांपेक्षा कमीच. पण शिवणकाम, धुणीभांडी किंवा खेड्यातली मास्तरकी यांपेक्षा जास्त, आणि मुख्य म्हणजे रोख. मेरी लॉवेलला येण्याआधी एका घरी कामाला होती. बापाची परवानगी मागताना तिने लिहिलं होतं की मला कपडे हवेत, आणि इथे राहून ते मिळायचे नाहीत. इतिहासकारांनी या मुलींची पत्रं धुंडाळली तेव्हा असं दिसलं की बऱ्याच जणी पैसे घरी पाठवत नव्हत्या. बचत बँकेत ठेवत, पुस्तकं घेत, कपडे शिवत, लग्नासाठी साठवत. काही भावाच्या शिक्षणाला लावत, तेही स्वतः ठरवून. बापाच्या घरात राबलेल्या मुलीच्या श्रमाची कधी मोजणीच झाली नव्हती. इथे तिचा तास विकला जात होता, पण विकणारी ती होती. आमच्या आजीने आयुष्यभर केलेल्या कामाचा आकडा कुठल्याच वहीत नाही. त्यामुळे मेरीच्या त्या एका डॉलरला मी नाक मुरडू शकत नाही.

लॉवेलची ‘बूट’ (Boott) नावाची कापडगिरणी आता राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिच्या साचेखात्यात जुने माग चालवून दाखवतात. आत शिरताना कानात घालायला बोळे देतात. सगळे माग काही एकदम चालवत नाहीत, तरी पायाखालची फळी थरथरते आणि शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. हे माग मेरीच्या काळानंतरचे, विसाव्या शतकातले आहेत. तिच्या वेळी भर होती ती वेगळ्याच गोष्टींची. हवेत ओलावा राहिला नाही तर सूत तुटतं, म्हणून खिडक्या खिळे मारून बंद. हवेत कापसाची रुई. धोट्याच्या भोकातून सुताचं टोक विणणारीने तोंडाने ओढून घ्यायचं, त्याबरोबर रुईही. हिवाळ्यात अंधार लवकर, म्हणून तेलाचे दिवे. एलायझा हेमिंग्वे या कामगार बाईने १८४५ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाच्या समितीपुढे सांगितलं की आमच्या खोलीत २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे जळतात, आणि त्याच खोलीत दीडशेच्या आसपास माणसं. धूर किती होत असेल ते समितीने आपलं आपण समजून घ्यायचं होतं.

ही समिती बसली कारण मुलींनी अर्ज केला होता. पहिल्यांदाच काही त्या उठल्या नव्हत्या. १८३४ च्या फेब्रुवारीत मजुरी कापली तेव्हा आठशेच्या आसपास मुली काम टाकून रस्त्यावर आल्या. आम्ही स्वतंत्र माणसांच्या मुली आहोत, आमच्या आजोबांनी इंग्रजांशी लढून हे राष्ट्र मिळवलं, अशी त्यांची भाषा. तो संप फसला. १८३६ मध्ये वसतिगृहाचा खर्च वाढवला, म्हणजे दुसऱ्या वाटेने पगारच कापला, तेव्हा त्याच्या जवळजवळ दुप्पट मुली बाहेर पडल्या. त्यात अकरा वर्षांची हॅरिएट हॅन्सन होती. तिच्या खोलीतल्या मोठ्या मुली जाऊ की नको करत असताना, तुम्ही या न या, मी चालले, म्हणून ती निघाली आणि मागे पाहते तो सगळी रांग. म्हातारपणी तिने लिहिलं की मताचा हक्क मिळेपर्यंत तरी त्या क्षणाइतका अभिमान मला वाटायचा नाही. तिची आई विधवा होती, कंपनीचं वसतिगृह चालवायची. मुलीला आवरता आलं नाही म्हणून आईचं ते काम गेलं.

१८४० च्या दशकात मालकांनी मजुरीला हात न लावता काम वाढवायची युक्ती काढली. एकीकडे दोन माग होते तिथे तीन-चार दिले, यंत्रांचा वेग वाढवला, नगावरचा दर उतरवला, आणि ज्या खात्यातून जास्त कापड निघेल त्याच्या मुकादमाला बक्षीस. सेरा बॅग्ली नावाच्या विणकर बाईने कामगार स्त्रियांची संघटना उभी केली आणि दहा तासांचा दिवस मागितला. दोन हजारांवर सह्या गेल्या. समितीचा अध्यक्ष विल्यम शूलर लॉवेलचाच आमदार आणि वर्तमानपत्रवाला. समिती गिरण्या पाहून आली, खिडक्यांतली फुलझाडं तिला आवडली. अहवालात म्हटलं की गाऱ्हाणी खरी आहेत, पण इलाज कायद्यात नाही; इथले कामगार शहाणेसुरते आहेत, आपला सौदा आपण करायला समर्थ आहेत. मत नसलेल्या बाईला सौद्याचं स्वातंत्र्य बहाल करणारा हा कागद आहे. पुढच्या निवडणुकीत शूलर पडला. बॅग्लीच्या संघटनेने ठराव करून लॉवेलच्या मतदारांचे आभार मानले, की त्याला त्याच्या लायकीच्या अंधारात पाठवलंत. तो ठराव वाचताना मला अजून हसू येतं.

मेरी त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉवेलला आली. संघटनेत ती होती असं तिच्या पत्रांवरून दिसत नाही. ती आपल्या जोड्यांचा हिशेब करत होती. मधल्या काळात ती घरी जाऊन आली, आणि १८४८ च्या नोव्हेंबरात लॉवेलहून तिने बापाला पुन्हा लिहिलं. आता ती अठरा वर्षांची. काम फार जड आहे, ती लिहिते, इतकं मी जन्मात केलं नव्हतं, कधी कधी वाटतं की निभणार नाही. वीस तारखेपासून मजुरी कापणार आहेत. कंपन्या म्हणतात रोज प्रचंड तोटा होतोय, म्हणून नाइलाज आहे. पण मला हे बिनबुडाचं वाटतं, कारण सारखी दुरुस्तीची कामं काढतायत. गिरण्या बंद करायची पाळी खरंच आली असती तर त्यांनी असा खर्च केला असता का?

या वाक्यापाशी मी दर वेळी थबकतो. तिला कोणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं, कंपनीचा ताळेबंद तिला दाखवलेला नव्हता. तीन वर्षांत ती एवढं शिकली होती की मालक काय बोलतो त्याऐवजी तो पैसा कुठे घालतो हे पाहावं. पहिल्या पत्रातली मुलगी पगार मोजत होती, ही कंपनी मोजते आहे. गिरणीने तिला हे शिकवायचं ठरवलं नव्हतं, पण रोख मजुरीवर माणूस ठेवला की तो आकडेमोड करू लागतोच.

तिच्या हिशेबात एक रकाना मात्र रिकामा आहे. पहिल्या पत्रात कापूस येतो तो कोणाच्या तरी अंगावर पडलेली गाठ म्हणून. ती गाठ आली कुठून?

एली व्हिटनीचा सरकी काढायचा रेचा १७९३ चा. त्यानंतर दक्षिणेकडे कापूस पसरत गेला, जॉर्जियापासून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानापर्यंत. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये चाळीस लाखांच्या जवळ. व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या जुन्या मळ्यांतून या नव्या कापूसपट्ट्यात या काळात सुमारे दहा लाख माणसं नेली गेली, काही मालकांबरोबर, बरीचशी बाजारात विकली जाऊन. बायकोपासून नवरा, आईपासून मूल तोडून. संध्याकाळी प्रत्येकाचा वेचलेला कापूस तोलला जायचा, ठरलेल्या वजनाला कमी पडला तर चाबूक. म्हणजे मोजमाप तिथेही होतं, आणि लॉवेलइतकंच काटेकोर होतं. माणसं गहाण ठेवून मळेवाले कर्ज काढत, आणि असं कर्ज देणाऱ्या लुइझियानातल्या बँकांचे रोखे लंडनमध्ये विकले जात. लॉवेलमध्ये तास विकला जायचा, इथे माणूस, आणि दोघांच्या मधल्या गाठीचा भाव लिव्हरपूलला ठरायचा. अमेरिकेतला नवा बाजार म्हणजे उत्तरेतले कारखाने आणि दक्षिणेतली मागासलेली गुलामगिरी, असे दोन वेगळे धडे शाळेत असतात. ही दोन्ही एकाच खतावणीची पानं होती. मॅसॅच्युसेट्समधले गुलामगिरीविरोधी पुढारी चार्ल्स सम्नर यांनी १८४८ मध्ये चाबकाचे सरदार आणि मागाचे सरदार यांच्या अभद्र युतीबद्दल भाषण केलं तेव्हा ऐकणाऱ्यांना नावं विचारावी लागली नसतील.

त्यापुढची गोष्ट मला जास्त टोचते. लॉवेलच्या काही गिरण्या खास जाडं, स्वस्त कापड विणून दक्षिणेला पाठवत, गुलामांच्या कपड्यांसाठी. गुलामगिरीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती १९३० च्या दशकात घेतल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी जणांनी सांगितलं की आमच्या अंगावर लॉवेलचं कापड असायचं. त्यांनी वेचलेला कापूस उत्तरेला जाऊन, मुलींच्या हातून विणून, त्यांच्याच पाठीवर परत आला होता. आणि १८३६ च्या संपात मुली गाणं म्हणत रस्त्यावरून गेल्या होत्या की आम्ही गुलाम होणार नाही.

त्यांना कळत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. लॉवेलमध्ये स्त्रियांची गुलामगिरीविरोधी संस्था होती, गिरणीतल्या मुलींनी तसल्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. पण सही करून सातच्या घंटेला आत जायचं होतं.

मेरीने शेवटी लॉवेल सोडलं, आणि तिची पुढची उडी कोणाला सुचणार नाही अशी होती. १८५४ मध्ये ती न्यू जर्सीत रेड बँकजवळच्या नॉर्थ अमेरिकन फॅलँक्स या वसाहतीत गेली. सामायिक मालकी, सामायिक भोजनशाळा, कामं वाटून घ्यायची. जाण्याआधी बापाला पटवताना तिने लिहिलं होतं की तिथे सगळेच काम करतात आणि बाई असो की पुरुष, सारख्या कामाला सारखे पैसे. बाहेर बाईला फार कमी मिळतं, त्यापेक्षा तिथे थोडे तास राबून माझं भागेल. लॉवेलच्या शाळेत शिकलेलीच ही आकडेमोड, फक्त आता ती वेगळी दुकानं तपासून पाहत होती. तिथे ती सुखात होती असं पत्रांवरून वाटतं. त्याच सप्टेंबरात वसाहतीची गिरणी आगीत भस्म झाली. धान्य गेलं, पैसा गेला, भागधारकांत आधीपासूनच्या कुरबुरी होत्या त्या वाढल्या आणि वसाहत मोडली. मेरी न्यू हॅम्पशायरला एका घरी घर सांभाळायच्या नोकरीवर गेली, म्हणजे जिथून निघाली होती जवळजवळ तिथेच, आणि १८५७ मध्ये तिने लग्न केलं.

लॉवेलमध्येही तोवर माणसं बदलली होती. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळातून आलेली कुटुंबं कमी पैशांत, आजोबांच्या लढाईची आठवण न काढता, काम करायला तयार होती. चर्चची सक्ती, वसतिगृहांतले पियानो, गिरणीतल्या मुली लिहीत ते मासिक, सगळं मागे पडलं. मजूर मिळवण्यासाठी जे करावं लागत होतं ते करायची गरज उरली नाही तेव्हा कंपन्यांनी ते करणं सोडलं, इतकं ते सरळ आहे.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला. लॉवेलच्या मोठ्या कंपन्यांनी हिशेब केला की विणण्यापेक्षा गोदामातला कापूस चढ्या भावाने विकणं बरं. गिरण्या बंद झाल्या आणि दहा हजारांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. आणि लिव्हरपूलने कापसासाठी मुंबईकडे तोंड वळवलं. पुढच्या चार वर्षांत आपल्याकडे जे झालं ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं. कापसाच्या पैशावर चढलेली तेजी, शेअरदलाल प्रेमचंद रायचंद, समुद्र हटवून जमीन करायच्या बॅक बेच्या भरावाचे शेअर, रोज निघणाऱ्या बँका. राजाबाई टॉवर उभा आहे तो प्रेमचंदांनी त्या तेजीत दिलेल्या देणगीवर. १८६५ च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियात दक्षिणेचे जनरल ली शरण आले, युद्ध संपत आलं, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला, वायद्यांचा हिशेब चुकता करायच्या दिवशी, मुंबईचा बाजार बसला.

शहराची गोष्ट इथे संपते, गावाची संपत नाही. तेजीत सगळ्याच मालाचे भाव चढले होते, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते, आणि त्या भावांवर बेतून सरकारने पुणे-नगरकडे सारा वाढवला. भाव उतरले, सारा उतरला नाही. सावकारांनी हात आखडले आणि जुन्या कर्जांच्या वसुलीला कोर्टात गेले. शेतकऱ्याने अंगठा उठवलेल्या कागदात काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नव्हतं. मेरीसारखं उलट विचारायची सोय नव्हती. १८७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बायका आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा केला, बॅग्लीच्या अर्जानंतर एकोणतीस वर्षांनी. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे कर्जखतं मागितली. मारहाण त्या सबंध उठावात फारशी झाली नाही. त्यांना कागद हवे होते. मिळाले तेवढे त्यांनी जाळले.